नवी बाहुली संग्रहात घेताना: फॅशन बाहुल्यांच्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

फॅशन बाहुल्यांचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांकडे पहिल्या दहा-बारा बाहुल्या ठरवून येत नाहीत. एखादी लहानपणची उरलेली असते, एखादी कोणी परदेशातून आणलेली असते, दोन-चार दुकानातील सवलतीच्या फळीवर दिसल्या म्हणून उचललेल्या असतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, कारण कपाटातील जागा, हाताशी असलेला पैसा आणि देखभालीला मिळणारा वेळ या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात आणि नव्या बाहुल्या मात्र बाजारात येतच राहतात. बाहुली निवडण्यापासून ती कपाटात नीट स्थिरावेपर्यंत कोणती कामे करावीत, ते येथे सांगितले आहे. उदाहरणे प्रामुख्याने बार्बीची आणि तिच्या मापाच्या बाहुल्यांची आहेत, कारण माझा स्वतःचा संग्रह त्याच मापाचा आहे.

आधी माप, मग विषय

नवी बाहुली पाहताना ‘ही मला आवडली का’ या प्रश्नाला थोडे थांबवून ‘ही माझ्याकडील कोणत्या बाहुलीशेजारी उभी राहणार’ हा प्रश्न आधी विचारावा. याचे सर्वांत व्यावहारिक कारण माप हे आहे. बार्बी साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर उंच असते आणि तिचे प्रमाण साधारण एकास सहा, म्हणजे खऱ्या मापाच्या एक षष्ठांश, धरले जाते. २००१ मध्ये आलेल्या ब्रॅट्झ तिच्याहून बुटक्या, सुमारे दहा इंचांच्या. १९९५ मध्ये आलेली जीन मार्शल साडेपंधरा इंचांची, तर टोनर कंपनीची टायलर वेंटवर्थ सोळा इंचांची. या बाहुल्यांचे कपडे, चपला, खुर्च्या आणि स्टँड एकमेकींना चालत नाहीत, त्यामुळे वेगळ्या मापाची एक बाहुली घरात आली की तिच्यामागून एक वेगळा संसारच येतो. एकाच मापातही फसगत होते. बार्बीच्या फॅशनिस्टा मालिकेत २०१६ पासून उंच, भरीव आणि लहानखुऱ्या बांध्याच्या बाहुल्या आल्या. त्यांतील भरीव बांध्याच्या बाहुलीला जुन्या बार्बीचे शिवलेले कपडे चढत नाहीत, आणि सपाट पावलाच्या बाहुलीला उंच टाचेचे सँडल घालता येत नाहीत.

माप ठरल्यावर विषयाची मर्यादा ठरवावी. कोणी विशिष्ट दशक निवडते, कोणी एकच चेहऱ्याचा साचा, कोणी एकाच डिझायनरचे काम. मराठी संग्राहकाला सहज जवळचा वाटेल असा एक विषय म्हणजे भारतीय वेशातील बार्बी. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९८० मध्ये निरनिराळ्या देशांच्या वेशभूषेतील बाहुल्यांची मालिका सुरू केली आणि तिच्यात १९८२ मध्ये भारताची बाहुली आली. १९९६ मध्ये ती नव्या रूपात पुन्हा आली. याखेरीज १९९० च्या दशकात भारतात लिओ मॅटेल या नावाने बार्बी विकली जात असे आणि साडीतील, घागऱ्यातील कितीतरी बाहुल्या केवळ भारतीय बाजारासाठी निघाल्या. ‘एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया’ या मालिकेतील ‘सोनी पंजाबन’, ‘रूपवती राजस्थानी’ किंवा ‘मिस्टिकल मणिपुरी’ या बाहुल्या आज परदेशी संग्राहकही शोधतात, तर आपल्याकडे त्या अनेकदा कोणाच्या तरी माळ्यावर, खेळून केस विस्कटलेल्या अवस्थेत पडलेल्या असतात. अशा विषयाचा लाभ असा की शोध बाजाराच्या जाहिरातींवर अवलंबून राहत नाही. नातेवाइकांच्या घरी दिवाळीची साफसफाई निघाली की तिथेही काही हाती लागू शकते.

‘संग्राहकांसाठी खास’ असे छापलेल्या खोक्याला मात्र भुलू नये. १९८८ मध्ये लाल झग्यातील पहिली हॉलिडे बार्बी, म्हणजे नाताळानिमित्त काढलेली बार्बी, आली, ती अल्पावधीत संपली आणि तिची किंमत चढली. ते पाहून लोकांनी पुढील वर्षांच्या हॉलिडे बार्बी न उघडता साठवल्या, कंपनीनेही त्या भरपूर बनवल्या, आणि परिणामी १९९० च्या दशकातील त्या बाहुल्या आजही बंद खोक्यांत मुबलक मिळतात व त्यांना फारसा भाव येत नाही. जी वस्तू सर्वांनीच जपून ठेवली ती दुर्मीळ होत नाही. गुंतवणूक म्हणून बाहुली घेणाऱ्याला माझा सल्ला विचारला, तर मी बँकेतील मुदत ठेव सुचवीन.

पाठीवरचे वर्ष आणि बाहुलीचे वय

जुनी बाहुली घेताना सर्वाधिक चुका वर्षाबाबत होतात. बार्बीच्या कमरेखाली मागील बाजूस जे वर्ष कोरलेले असते ते बाहुली तयार झाल्याचे वर्ष नसून त्या शरीराच्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे वर्ष असते. कमरेत वळणाऱ्या शरीराचा साचा १९६६ चा आहे आणि तो पुढे कित्येक दशके वापरात राहिला, त्यामुळे १९९० च्या दशकातील साध्या बाहुलीच्या पाठीवरही १९६६ हेच वर्ष दिसते. त्याचप्रमाणे डोक्याच्या मागील कडेवर दिसणारे १९७६ हे ‘सुपरस्टार’ चेहऱ्याच्या साच्याचे वर्ष आहे. संग्रहाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः ‘१९६६ ची बार्बी’ म्हणून एक बाहुली चढ्या भावाने घेतली होती; विक्रेत्याने खोटे काहीच सांगितले नव्हते, पाठीवरचा आकडा त्याने जसा होता तसा वाचून दाखवला होता. ती बाहुली अजून माझ्याकडे आहे आणि नवख्यांना हा मुद्दा समजावताना तिचा फार उपयोग होतो.

म्हणून वय ठरवताना शरीराचा साचा, चेहऱ्याचा साचा, उत्पादनाचा देश, केसांची रुजवण (म्हणजे ते डोक्यात कसे ओवले आहेत) आणि मूळ कपडे या सगळ्यांचा मेळ घालावा. पहिल्या बार्बी जपानमध्ये बनत. पुढे तैवान, हाँगकाँग, फिलिपिन्स, मलेशिया, चीन, इंडोनेशिया अशी नावे येतात. खोके सोबत असेल तर त्यावरील वर्ष आणि वस्तूचा क्रमांक हे पाठीवरील आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आलेल्या अगदी पहिल्या बार्बीच्या तळपायांना स्टँडच्या सळ्यांसाठी भोके असून त्यांत धातूच्या नळ्या बसवलेल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख मात्र पुढील आवृत्त्यांवर आणि नंतर काढलेल्या प्रतिकृतींवरही आहे. म्हणजे केवळ पोशाख पाहून निर्णय घेणे धोक्याचे.

वापरलेली बाहुली समक्ष पाहता येत नसेल, तर विक्रेत्याकडे ठरावीक छायाचित्रे मागावीत: दोन्ही कान जवळून, मानेची कड, केस वर उचलून दिसणारी रुजवण, हाताची बोटे, पावले आणि गुडघ्यांची मागील बाजू. प्रत्येक जागेला स्वतःचे दुखणे असते. धातूच्या कानातल्यांमुळे कानाभोवतीचे व्हायनिल, म्हणजे डोक्याचे मऊ प्लॅस्टिक, हिरवट पडते, आणि हा डाग वरवरचा नसून आत मुरलेला असतो. साठच्या दशकातील बाहुल्यांची मान अनेकदा चिरलेली असते. बोटे आणि पावले लहान मुलांनी किंवा कुत्र्याने चावलेली असू शकतात, आणि ती दुरुस्त होत नाहीत. पाय चिकट असतील तर व्हायनिल मऊ राहावे म्हणून घातलेले द्रव्य पृष्ठभागावर येऊ लागले आहे असे समजावे. धुऊन पुसून ते काही काळ थांबते, पुन्हा येते. केस तेलकट दिसत असतील तर डोक्याच्या आत केस पक्के करण्यासाठी घातलेला गोंद बाहेर झिरपत असण्याचा संभव असतो, आणि १९९० नंतरच्या बऱ्याच बाहुल्यांत हा त्रास आढळतो. याउलट केस विस्कटणे आणि कपडे मळणे या गोष्टींची फिकीर करू नये, त्या सुधारतात. चावलेली बोटे, चिरलेली मान आणि कापलेले केस यांसाठी मात्र पैसे कमीच द्यावेत. विक्रेत्याला वासाबद्दलही विचारावे, कारण सिगारेटचा आणि बुरशीचा वास छायाचित्रात दिसत नाही.

परदेशातून मागवताना

येथे हिशेब कागदावर मांडूनच मागणी नोंदवावी. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलला पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंत शुल्कमाफी होती. राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यामुळे बहिणीने किंवा मित्राने ‘भेट’ असे लिहून पाठवले तरी शुल्क टळत नाही. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या पार्सलसाठी सीमाशुल्काच्या यादीत वेगळे शीर्षक व वेगळे दर आहेत आणि ते अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून त्या वेळचा दर पाहूनच पुढे जावे. शुल्क केवळ बाहुलीच्या किमतीवर नव्हे तर टपालखर्चासह होणाऱ्या मूल्यावर लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. एकेक बाहुली मागवण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या सामानातून आणणे सोपे पडते. मात्र त्यांच्या बॅगेत खोक्यासह बाहुलीला किती जागा लागते हे आधी सांगावे, नाहीतर खोके तिकडेच राहते आणि बाहुली कपड्यांच्या घडीत गुंडाळून येते.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

नवी बाहुली, विशेषतः वापरलेली, आल्या दिवशी कपाटात ठेवू नये. तिला आठवडा-दोन आठवडे इतरांपासून वेगळी, हवेशीर सावलीत ठेवावे आणि कपडे काढून धुवावेत. कपड्यांना कसर लागलेली असेल किंवा खोक्याला बुरशी असेल तर ती या मुदतीत लक्षात येते आणि बाकीचा संग्रह वाचतो. वास घालवण्यासाठी बाहुलीला खाण्याच्या सोड्याच्या उघड्या वाटीसह झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवता येते. सोडा थेट केसांत मिसळू नये, तो मुळांतून निघता निघत नाही.

न उघडलेली बाहुली असेल तर ती उघडावी की नाही, हा निर्णय येतो. बंद खोक्याचा अभिमान बाळगणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. खोक्यातही बाहुली म्हातारी होत असतेच: केसांना बांधलेली रबरे विरघळून चिकटतात, गडद कापडाचा रंग अंगावर उतरतो, धातूची कानातली आपले काम करीतच राहतात, आणि हे सगळे पारदर्शक खिडकीतून दिसत नाही. ज्यांना पुढे विकायची आहे त्यांनी खोके बंद ठेवावे. इतरांनी ते जपून उघडावे. आधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, म्हणजे केसांची ठेवण आणि दागिन्यांची मांडणी नंतर पाहता येते. डोक्यामागे पाठीच्या पुठ्ठ्याला जखडणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे टाके असतात. ते ओढून काढल्यास डोक्याला मोठे भोक पडते, म्हणून पुठ्ठ्याच्या बाजूने कात्रीने कापावेत आणि उरलेले टोक केसांच्या आत तसेच राहू द्यावे. केसांतील रबरे लहान कात्रीने कापून टाकावीत, सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

विस्कटलेल्या केसांसाठी गरम पाण्याचा उपाय सर्वश्रुत आहे, पण तो सर्व केसांना लागू पडत नाही. सारान, नायलॉन आणि कनेकलॉन या धाग्यांचे केस भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने धुऊन, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरून, उकळी येऊन गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात क्षणभर बुडवले की सरळ होतात. स्वस्त बाहुल्यांत आढळणारे पॉलिप्रॉपिलीनचे केस स्पर्शाला कोरडे व ताठ असतात आणि ते कितीही केले तरी पहिल्यासारखे होत नाहीत. त्यांना वेणीत बांधून ठेवणे बरे. कारखान्यात मुद्दाम घडवलेली केशरचना असेल तर पाणी लावूच नये.

हिरव्या कानांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेले मुरुमांचे मलम कित्येक संग्राहक वापरतात. मलम कानाच्या डागापुरतेच लावून, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून उजेडात ठेवतात आणि काही दिवसांनी डाग फिकट होतो. परंतु हेच मलम ओठांचा व गालांचा रंगही उडवते आणि जास्त वेळ राहिल्यास कानाभोवती पांढुरका ठिपका पडतो, म्हणून ते रोज उघडून पाहणे अनिवार्य आहे. चेहऱ्याचा जुना रंग काढून नव्याने रंगवणारे लोक अ‍ॅसिटोन वापरतात. ते मऊ व्हायनिलच्या डोक्यापुरतेच ठेवावे, कारण एबीएससारखे टणक प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनने विरघळते. शरीर बदलायचे असेल, उदाहरणार्थ आवडत्या चेहऱ्याला बावीस सांध्यांचे ‘मेड टू मूव्ह’ शरीर द्यायचे असेल, तर डोके गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरने मऊ करूनच ओढावे. थंड डोके ओढले की मानेचा खुंट आतच तुटतो. त्वचेचा रंग जुळतो का, हे मात्र दिवसाच्या उजेडात आधीच पाहावे.

कपड्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाहुलीला नऊवारी नेसवायची हौस आपल्याकडे अनेकांना असते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, आणि एकास सहा प्रमाणात ते साधारण १३७ सेंटिमीटर भरते. हिशेबाने बरोबर असलेली ही साडी बाहुलीवर बोजड दिसते, कारण लांबी सहापट लहान झाली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते आणि कमरेशी निऱ्यांचा गठ्ठा होतो. पातळ मलमल किंवा शिफॉन घेऊन, लांबी निम्म्यावर आणून, काष्टा आधी शिवून घेतला तर बाहुली ऐटीत उभी राहते. पैठणीचा तुकडा वापरायचा मोह झाल्यास काठाची रुंदी पाहावी. माणसाच्या साडीचा तीन इंची काठ बाहुलीच्या जवळजवळ गुडघ्यापर्यंत पोचतो. गडद लाल, काळा किंवा गर्द निळा कपडा घालण्यापूर्वी तो ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का ते तपासावे, आणि जात असल्यास खालून पातळ पांढरे अस्तर घालावे. व्हायनिलवर उतरलेला लाल रंग धुऊन निघत नाही.

पावसाळा

कपाटात जागा देताना उन्हाचा विचार सगळे करतात. काच उन्हातील अतिनील किरणांपासून पुरती वाचवत नाही, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोरचे काचेचे कपाट टाळावे, एवढे सांगून तो विषय संपतो. मुंबई, कोकण आणि गोवा येथे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होते. या महिन्यांत हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तर पुठ्ठा, कापड आणि व्हायनिल यांना ४० ते ५५ टक्क्यांची आर्द्रता मानवते. अशा हवेत सर्व बाहुल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बंद करणे ही चूक ठरते, कारण आत अडकलेला ओलावा आणि व्हायनिलमधून निघणारे वायू तिथेच कोंडतात. आम्लविरहित टिश्यू कागदात गुंडाळलेली बाहुली, किंचित हवा खेळणारा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, ही रचना चालते. रंग बदलणाऱ्या दाण्यांची पुडी घ्यावी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओलावा भरून घेतला असे समजून ते वाळवून पुन्हा वापरावेत. कपाटात एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. डांबराच्या गोळ्या मात्र बाहुल्यांच्या कपाटात कदापि ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते आणि वास केसांतून महिनोन्‌महिने जात नाही. खोकी भिंतीला टेकवून न ठेवता दोन बोटांचे अंतर राखावे; ओल भिंतीतूनच येते आणि कसर पुठ्ठ्याच्या मागून सुरू होते.

नोंद

दोन आठवड्यांनंतर बाहुली कपाटात जाते त्याच दिवशी तिची नोंद करावी, नंतर ती होत नाही. नाव, खोक्यावरील क्रमांक, डोक्यावरील व पाठीवरील खुणा, उत्पादनाचा देश, शुल्कासह पडलेली एकूण किंमत, आली त्या दिवसाची अवस्था आणि आपण तिच्यावर केलेले प्रत्येक काम एवढे लिहिले तरी पुरे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे: केस बदलले, शरीर बदलले, ओठ पुन्हा रंगवले हे लिहून ठेवले नाही, तर दहा वर्षांनी आपलीच बाहुली मूळची कशी होती हे आपल्याला सांगता येत नाही, आणि विकताना घेणाऱ्याची नकळत फसवणूक होते. सुटे दागिने, चपला आणि पिशव्या बाहुलीच्या नोंदक्रमांकाच्या लहान पुड्यांत ठेवाव्यात. एकास सहा मापाचा एक सँडल गादीखाली गेला की पुन्हा सापडत नाही. कानातली धातूची असतील तर ती काढून त्याच पुडीत घालावीत आणि नोंदीत तसे लिहावे. सहा महिन्यांनी, शक्यतो गणपतीची आवराआवर झाल्यावर, वही हातात घेऊन त्या वर्षी आलेल्या प्रत्येक बाहुलीचे कान, पायांची मागील बाजू आणि कपड्याखालील कंबर एकदा तपासावी, आणि जे दिसेल ते त्याच पानावर तारखेसह लिहावे.